ओरेगॉनचा लायडार व्ह्यूअर: झाडीखालचा बार्लो रोड दाखवणारा फुकट नकाशा

पोर्टलँड-हिल्सबरोकडे राहणाऱ्या आणि जुन्या वाटांचं वेड असलेल्या सगळ्यांना सांगतेय, डोगामीचा म्हणजे ओरेगॉनच्या भूगर्भ खात्याचा लायडार व्ह्यूअर एकदा उघडून बघाच. ब्राउझरमध्ये चालतो, पैसे नाहीत.

मी तो मुख्यतः बार्लो रोडसाठी वापरते. १८४६ मध्ये सॅम बार्लोने माउंट हूडला वळसा घालून हा गाडीरस्ता काढला, त्याआधी ओरेगॉन ट्रेलने, म्हणजे पूर्वेकडून वस्तीला येणाऱ्यांच्या जुन्या गाडीवाटेने आलेल्यांना द डॅल्स या नदीकाठच्या गावी गाड्या तराफ्यावर चढवून कोलंबिया नदीतून जावं लागायचं आणि ते कित्येकांच्या जिवावर बेतायचं. टोल गाडीमागे ५ डॉलर! आज तिथे डग्लस फरचं इतकं दाट रान आहे की सॅटेलाइट फोटोत काही म्हणजे काही कळत नाही. लायडारचं काम वेगळं, विमानातून लेझर सोडतात, त्यातले थोडे किरण फांद्यांच्या फटीतून जमिनीला लागून परत येतात, मग झाडं वजा केली की नुसती जमीन उरते. व्ह्यूअरमध्ये तिचं हिलशेड, म्हणजे उजेड-सावलीने चढउतार दाखवणारं चित्र लावा आणि हायवे २६ वर रोडोडेंड्रॉन ते गव्हर्नमेंट कॅम्पच्या मधली लॉरेल हिल शोधा.

फक्त दिसेल ती रेघ गाडीवाट समजू नका. लाकूडतोडीचे रस्ते डोंगर आडवा कापत, वळणं घेत, सारख्या चढाने जातात. बैल जोडलेली गाडी आडव्या उतारावर कलंडायची म्हणून ती सरळ चढायची, सरळ उतरायची, त्यामुळे उतारावरून थेट खाली येणारी खोलगट खाच दिसली, शेजारी तशाच आणखी एक-दोन दिसल्या, की तिथे झूम करा. लॉरेल हिलवर तर झाडांना दोर गुंडाळून गाड्या हळूहळू खाली सोडायचे, इतका तो उतार वाईट.

तरी शंका राहिली तर बीएलएमच्या (अमेरिकेच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या) साइटवर जनरल लँड ऑफिसचे, म्हणजे जमीन मोजणाऱ्या जुन्या सरकारी कचेरीचे सर्व्हे नकाशे आहेत, तेही फुकट. सर्व्हेवाले मैला-मैलाच्या रेषांवर मोजणीची साखळी टाकत चालायचे, रस्ता आडवा आला की नोंद करायचे, म्हणजे रेषेवरची जागा पक्की, मधला रस्ता अंदाजाने काढलेला. हे आणि लायडार जुळलं तरच मी मानते.

आपल्या सह्याद्रीसाठी असं काही खुलं व्हायलाच पाहिजे, बोरघाटातला १८३० चा गाडीरस्ता मला असा बघायचाय!

लॅपटॉपवरच बघा, फोनच्या स्क्रीनवर बारीक खाचा निसटतात. आणि जागेवर गेलात तर खणू नका, काही उचलू नका, बराचसा भाग नॅशनल फॉरेस्टमध्ये आहे.