88,500 रुपये घेतले आणि डिफरन्शियलचा एक बोल्टही हलवला नाही

आधी आकडे लिहितो. डायग्नोसिस 1,500. मागच्या डिफरन्शियलचा (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) क्लच पॅक, म्हणजे क्लच प्लेटचा संच, आणि बेअरिंग किट 58,400. प्रोपेलर शाफ्टचं (ताकद मागे नेणारा लांब दांडा) मधला आधार देणारं सेंटर बेअरिंग 7,900. ऑइल 4,200. मजुरी 16,500. एकूण 88,500 रुपये. यातलं गाडीत खरोखर गेलं ते फक्त ऑइल, आणि तेही चुकीचं. गॅरेज ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आतल्या एका गल्लीत. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे. गाडी 2010 ची, जपानी, पेट्रोल ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राईव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी. तिचंही नाव घेत नाही, कारण दोष तिचा नाही.

तक्रारी दोन होत्या आणि त्या वेगवेगळ्या होत्या. पहिली: सोसायटीच्या बेसमेंटमधून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून घोगरा आवाज यायचा, सीटला थरथर लागायची, आणि ॲक्सिलरेटर सोडला की ब्रेक धरून ठेवल्यासारखी गाडी अडायची. गाडी थंड असताना कमी, तासभर चालवल्यावर जास्त. दुसरी: ठाणे-बेलापूर रोडला 60 च्या वर गेलं की मागून सलग घूं घूं. या दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध नव्हता. गॅरेजवाल्यानं दोन्ही एकाच खात्यात टाकले, आणि मी टाकू दिले.

या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या पुढे दोन तेलपंप असतात. एक पुढच्या चाकांबरोबर शाफ्टवर फिरतो, दुसरा मागच्या चाकांबरोबर. पुढची चाकं घसरून जास्त वेगानं फिरली की पंपांमध्ये फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, क्लच दाबला जातो आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. पूर्ण वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. म्हणजे घसरण नसतानाही फरक पडतो आणि क्लच थोडा लागतो. तेल चांगलं असेल तर तो गुपचूप सरकतो. तेल जळकं झालं असेल तर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. तोच घोगरा आवाज. अशा गाड्यांना हे नेहमीचं दुखणं आहे आणि पहिला उपाय लिटरभर योग्य तेल बदलणं हाच असतो. हे मला माहीत होतं, म्हणून जास्त संताप येतो.

जिथे मी थांबायला हवं होतं तो क्षण असा. गाडी लिफ्टवर होती, चारही चाकं हवेत. त्यानं मागचं डावं चाक हातानं पुढे फिरवलं. उजवं चाक उलटं फिरलं. तो म्हणाला, "बघा साहेब, उलटं जातंय. आतले क्रॉस गिअर तुटलेत. डिफ्रन्सल गेलं." मी समोर उभा होतो. साध्या ओपन डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जागेवर राहून एक चाक फिरवलं तर दुसरं उलटंच फिरणार, ही तब्येत ठीक असल्याची खूण आहे. क्रॉस गिअर, म्हणजे एका चाकाची फिरकी दुसऱ्याला देणारे आतले छोटे गिअर, तुटले असते तर दुसरं चाक धड फिरलंच नसतं, किंवा आतून कडकड ऐकू आली असती. त्यानं मला दाखवलं ते निरोगी डिफरन्शियल होतं आणि मी मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर पुरावा होता की काही मोडलेलं नाही, आणि त्याच पुराव्यावर त्यानं 58,400 ची पावती फाडली.

मान का हलवली? कारण आवाज खरा होता. थरथर खरी होती. दुखणं खरं असलं की सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. शिवाय त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला होता आणि छापील कागद हातात दिला होता. आता कळतंय की त्या कागदाचा काही उपयोगच नव्हता: ही यंत्रणा पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालते, तिथे कोड देणारा सेन्सरच नाही. मला कोणी अडाणी समजू नये. इलेक्ट्रॉनिक कपलिंगच्या (हाच क्लच कॉम्प्युटर दाबतो अशा) गाडीत तोच कागद खरा पुरावा ठरला असता, आणि घाईत मी दोन्हींत फरक केला नाही.

चौथ्या दिवशी फोटो आला: तेलानं माखलेल्या हातात काळवंडलेल्या क्लच प्लेट. मागे गाडी नाही, नंबर प्लेट नाही, हौसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." इथेही थांबता आलं असतं, पण 40,000 आधीच दिले होते. ॲडव्हान्स कधीही एवढा देऊ नका. आणि जुने पार्ट परत हवेत हे गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या, नंतर मागून काही उपयोग नाही.

गाडी परत घेतल्यावर पहिले चार दिवस आवाज दबला, पाचव्या दिवशी आधीपेक्षा वाईट झाला.

तुर्भ्याच्या एका मिस्तरीनं गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च मारून मलाच बघायला सांगितलं. डिफरन्शियलच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर पावसाळ्याचा वाळलेला चिखल तसाच होता. नव्या सीलंटचा मागमूस नाही. हौसिंगच्या बोल्टच्या डोक्यांवर अखंड गंज, पाना लागल्याची चमक एकावरही नाही. शाफ्टच्या फ्लँजवरच्या (टोकाच्या जोडावरच्या) बोल्टवर घट्ट केल्याची पिवळी रेघ जशीच्या तशी. ती रेघ न मोडता सेंटर बेअरिंग बदलता येत नाही, शाफ्ट उतरवावाच लागतो. 7,900 घेतलेल्या त्या बेअरिंगचं रबर जुनंच होतं, भेगा पडलेलं. चमकत होते फक्त तेलाचे दोन प्लग. खालचा उघडला आणि गंधकाचा उग्र वास आला: साधं जीएल-5 गिअर ऑइल. ड्युअल पंपाच्या डिफरन्शियलला ते चालत नाही, त्याला त्याचंच फ्लुइड लागतं. क्लच चिकटतोय म्हणून गेलो होतो, त्यानं आणखी चिकटेल असं तेल भरलं.

खरा खर्च: योग्य फ्लुइड 2 लिटर 3,100, नवे वॉशर 160, मागच्या डाव्या हबचं (चाक बसतं त्या मध्यभागाचं) बेअरिंग 4,300, मजुरी 2,400. एकूण 9,960. घूं घूं त्या हब बेअरिंगचं होतं. फ्लुइड दोनदा बदललं. पहिलं भरून मोकळ्या जागी दहा-पंधरा मिनिटं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवलं, काढलं, दुसरं भरलं. आवाज गेला.

हे करायचं असेल तर आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा, मग खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालचं तेल सांडून गेलं, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा चालतो. चकत्या किंवा टोकदार कण दिसले तरच आतलं काम.

टायर कोणीच मोजले नव्हते, हा राग वेगळा. मागचे दोन नवे, नक्षी 8 मिमी खोल. पुढचे झिजून 4 मिमी. 225/65 आर 17 या मापाला 4 मिमी झीज म्हणजे परिघात साधारण 25 मिमी फरक. पुढची चाकं प्रत्येक किलोमीटरला मागच्यांपेक्षा जवळपास पाच फेऱ्या जास्त मारत होती, तेही सरळ रस्त्यावर, आणि वळणातल्या फरकात ती भर पडत होती. ही खोली मोजायचा गेज शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. ऑल व्हील ड्राईव्हच्या गाडीत बाइंडिंग, म्हणजे वळणात गाडी अडणं, म्हटलं की पहिलं माप टायरचं घ्यायचं: खोली, हवा, आणि चारही टायरचं माप एकच आहे का. टायर बदलायचे तर चारही. मला पुढचे दोन 18,800 ला घ्यावे लागले आणि मागच्यांशी जुळायला तेच मॉडेल शोधावं लागलं.

कुठल्याही गॅरेजला जायच्या आधी हे स्वतः करा. मोकळं पार्किंग शोधा. स्टिअरिंग पूर्ण वळवून, चालण्याच्या वेगानं डावीकडे एक गोल, उजवीकडे एक, मग दोन्ही रिव्हर्समध्ये. थंड गाडीत एकदा, वीस मिनिटं चालवून पुन्हा. पुढून टक टक टक आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). मागून घोगरा आवाज आणि अडणं म्हणजे कपलिंग (मागच्या चाकांना जोडणारा तो क्लच) किंवा तेल. सरळ रस्त्यावर घूं घूं, आणि हलकेच डावी-उजवीकडे झुलवल्यावर कमी-जास्त होत असेल तर हब बेअरिंग. डी मधून आर मध्ये टाकताना धप्प होत असेल तर शाफ्टचे जॉइंट किंवा माउंटिंग. गाडी थांबवून चारही रिमवर तापमापक बंदूक धरा. एकच रिम फार तापलं असेल तर तो चिकटलेला ब्रेक आहे, त्यासाठी डिफरन्शियल उघडू देऊ नका. बऱ्याच ऑन डिमांड (गरज पडली तरच मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्यांत मिस्तरी शाफ्ट उतरवून थोडं चालवून बघतो: आवाज गेला तर दुखणं शाफ्टमध्ये किंवा त्याच्या मागे. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफरन्शियल असलेल्या, चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीत मात्र हे करू नका, ती जागची हलणार नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा अडीच तास बसवून सांगितलं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." न बदललेल्या पार्टचे पैसे बिलात लावणं, दुसऱ्याच प्लेटचा फोटो माझ्या गाडीचा म्हणून पाठवणं, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक नाही तर काय आहे? दुसऱ्यांदा फोटो छापून नेले. ज्यांनी पाहिले त्यांनी विचारलं, "पण गाडी चालतेय ना?" गाडी चालतेय म्हणून पैसे गेले नाहीत का? एका कार्यालयात म्हणाले गॅरेज आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढच्या खिडकीवर पाठवलं. त्या खिडकीनं पहिल्या कार्यालयाचं नाव सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, पार्ट बदलले नाहीत हे तज्ज्ञाकडून लिहून आणा. तुर्भ्याचा मिस्तरी तोंडी सगळं सांगतो, पण दुसऱ्या गॅरेजविरुद्ध कागदावर सही करायला तयार नाही. त्याचाही धंदा याच भागात आहे, त्याला दोष देत नाही. शेवटी स्वतंत्र मोटार सर्व्हेअरला 5,000 देऊन तपासणी अहवाल घेतला. फसवलं दुसऱ्यानं, आणि सिद्ध करायचा खर्चही माझाच.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. पण बिल हवं. गॅरेजवाला "बिल कशाला, टॅक्स वाचेल" म्हणाला तर तिथून गाडी परत घ्या. बिल न देणं याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. माझ्याकडे बिल आहे, पार्टच्या नावांसकट. त्याच्याच हस्ताक्षरात "सेंटर बेअरिंग नवीन" लिहिलंय.

नोटीस पोस्टानं गेली आहे, पंधरा दिवसांची. तोपर्यंत शाफ्टला कोणालाही हात लावू देत नाहीये, भेगा पडलेलं बेअरिंगही तसंच ठेवलंय, आणि गाडी गरजेपुरतीच काढतो. फ्लँजवरची ती पिवळी रेघ अजून अखंड आहे.