ऐरोलीची फ्लेमिंगो सहल : पक्षी भरपूर, खाडीच्या माणसांचा हिशेब मात्र अपुरा

हिवाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतून फ्लेमिंगो दाखवणाऱ्या खासगी सहली निघू लागतात. त्यांपैकी एका सहलीचा हा अभिप्राय आहे. सकाळी ठाणे स्थानकाजवळून बस, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची भेट, खाडीत स्थानिक मच्छीमाराच्या होडीतून फेरी आणि दुपारी कोळीवाड्यात जेवण असा कार्यक्रम असून त्यासाठी माणशी १,८०० रुपये घेतले जातात. आयोजकांचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. मला जे खटकले ते एकाच आयोजकापुरते आहे असे वाटत नाही. आणि जे आवडले त्याचे श्रेय बरेचसे त्यांच्याकडे जात नाही.

आधी चांगले सांगतो. वेळेची आखणी चोख होती, आणि या सहलीत सारी मदार तिच्यावरच असते. फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर चरतात. पाणी पुरते ओसरले की होडी रुतते, आणि भरती पूर्ण चढली की चिखल बुडून पक्षी नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विसाव्याला निघून जातात. या दोन्हींच्या मधला जो तास-दीड तास असतो, त्यात होडी खाडीत असली तरच पैसे वसूल होतात. आमच्या आयोजकांनी भरतीचे कोष्टक पाहून निघण्याची वेळ ठरवली होती, लाइफ जॅकेट सर्वांना घालायला लावली होती आणि होडीत माणसे कोंबली नव्हती. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्या कोळ्याने, थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले आणि पुढे होडी बांबूने रेटत नेली. त्यामुळे दुर्बिणीतून त्यांचे चरणे निवांत पाहता आले. पक्षी मान खाली सोडून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांमधून शेवाळ गाळून घेतो. येथे दिसणाऱ्या दोन जातींपैकी लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो), म्हणजे गडद चोचीचा आणि अधिक गुलाबी, संख्येने खूप जास्त होता. मोठा रोहित उंच आणि फिकट, अधूनमधून दिसणारा. राखाडी रंगाची पिल्लेही थव्यात होती, कारण गुलाबी रंग जन्मतः नसतो, तो खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो. केवळ पक्षी पाहायचे असतील त्यांनी डोळे मिटून जावे, असे मी म्हणेन. जैवविविधता केंद्रही नीटनेटके आहे, मुलांना घेऊन जाण्याजोगे आहे, आणि फेरीपूर्वी तेथे थोडा वेळ दिला तर तिवर, चिपी, कांदळ ही कांदळवनातली (मॅन्ग्रोव्हची) झाडे आपापल्या रूपाने ओळखता येतात.

माझी तक्रार सुरू होते ती मार्गदर्शकाच्या बोलण्यापासून. तरुण, उत्साही आणि पक्ष्यांविषयी उत्तम माहिती असलेला हा मुलगा ध्वनिवर्धकावरून सांगत होता की पूर्वी येथे नुसता चिखल आणि घाण होती, २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि खाडीला जीवदान मिळाले. अभयारण्य २०१५ सालचेच आहे. सुमारे १,६९० हेक्टरचे असून त्यात निम्म्याहून अधिक कांदळवन आणि बाकीचे पाणी आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातील तिसरा. हे सगळे त्याने अचूक सांगितले. परंतु फ्लेमिंगो येथे मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकापासून, म्हणजे अभयारण्याच्या कितीतरी आधी. त्यामागे शहरांच्या सांडपाण्यातून खाडीत उतरलेल्या पोषकद्रव्यांचा आणि त्यावर माजलेल्या शेवाळाचा हात असावा, असे अभ्यासक मानतात. ज्या पाण्याने पक्ष्यांचे ताट वाढले, त्याच पाण्याने मासे हटवले. होडीत बसलेल्या पर्यटकाला ही गोष्ट सांगितली नाही तर त्याला खाडीची निम्मीच गोष्ट कळते, आणि तीही सोयीची निम्मी.

उरलेली निम्मी तांडेलाकडून कळली, तीही मी मागे जाऊन बसलो आणि विचारले म्हणून. साठीच्या आसपासचे हे काका ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्याचे. त्यांच्या लहानपणी खाडीत डोल (पिशवीसारखे मोठे जाळे) लागत असे, उथळ पाण्यात पाग (फेकजाळे) टाकला की बोय मासे येत, चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) हाताने धरल्या जात आणि तिवरांच्या मुळांशी फग (सापळा) लावून चिंबोऱ्या मिळत. जिताडा मिळाला की घरात सण असे. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आले, मग १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन होऊन नवे शहर उभे राहू लागले. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची भातखाचरे आणि मिठागरे घेतली गेली. या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आगरी-कोळी घरांमध्ये हा इतिहास आजही कालच घडल्यासारखा सांगितला जातो. काकांनी मात्र तो लांबवला नाही. “जमीन गेली, मासली गेली, आता पक्षी आलेत,” एवढेच म्हणाले आणि पुन्हा बांबू हातात घेतला. त्यांच्या बोलण्यात पक्ष्यांविषयी राग नव्हता. उलट थवा कुठे बसेल, वारा फिरल्यावर कुठे सरकेल, हे मार्गदर्शकाला तेच खुणेने सांगत होते. आणि मार्गदर्शक तेच ध्वनिवर्धकावरून आपल्या नावाने आम्हाला सांगत होता.

कांदळवनाच्या संरक्षणाविषयी माझ्या मनात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यावर बंदी घातली नसती, २०१८ च्या निकालाने ती पक्की केली नसती आणि २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला नसता, तर ऐरोलीपासून वाशीपर्यंतचा किनारा एव्हाना भराव टाकून इमारतींखाली गेला असता. सीवूड्सच्या पाणथळींवर गोल्फ मैदान करण्याचा घाट घातला गेला आणि तो वाद न्यायालयात गेला, हे फार जुने नाही. पण हेच कडक नियम एखाद्या कोळ्याला धक्क्याकडे जाणारी वाट मोकळी करतानाही आडवे येतात. गाळ साचून पुढे सरकलेल्या तिवरांनी होडी लावायची जागा गिळली तरी त्याला फांदी तोडता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पाला मात्र उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो झाडे तोडता येतात. काकांच्या गावातही यावर एकमत नाही. काहींना कांदळवन हवे आहे, कारण चिंबोरी आणि कोलंबीची पिल्ले तेथेच वाढतात. काहींना ते वनखात्याने घातलेले कुंपण वाटते. ‘भूमिपुत्रांचा विकास’ म्हणत पाणथळ जागा बुजवू पाहणारे बिल्डर या दुसऱ्या रागाचा पुरेपूर फायदा घेतात, हेही येथे लिहिले पाहिजे.

कायद्याने या बाबतीत काहीच सांगितले नाही, असेही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २६-अ मध्ये, सागरी हद्दीतील पाणी अभयारण्यात समाविष्ट करायचे असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना करूनच ते करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणातही २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या उपजीविकेच्या नुकसानीची भरपाई देण्याची बाजू उचलून धरली. म्हणजे हक्क कागदावर मान्य आहे. तो १,८०० रुपयांच्या सहलीत कुठे उतरतो, हे शोधायला गेलो तर दोन जागा सापडतात : होडीचे भाडे आणि दुपारचे जेवण.

जेवणाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत त्याचाच गाजावाजा जास्त होता. कोळीवाड्यातील एका घराच्या पडवीत, बचत गटातील बायकांनी रांधलेले जेवण होते. तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, कडा पातळ आणि मधोमध पापुद्रा सुटलेला. आंबट कैरी घातलेले कालवण दाट नव्हते, पण तिखट आणि लसणाचा तोल उत्तम होता. सोबत सोलकढी आणि सुक्या जवळ्याची चटणी. चवीला पैकीच्या पैकी गुण. फक्त ताटात जी मासळी होती ती सुरमई. आयोजकांच्या पत्रकात ‘खाडीची ताजी मासळी’ असे छापले होते, आणि सुरमई ही खाडीची नव्हे, खुल्या समुद्राची मासळी. वाढणाऱ्या मावशींना विचारल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की चाळीस माणसांना पुरेल एवढी मासळी आता खाडीत एका वेळेला मिळतच नाही, आणि मिळाली तरी पाहुणे खाडीचे म्हटल्यावर नाक मुरडतात, कारखान्यांचे पाणी आठवते. म्हणून पहाटे बाजारातून विकत आणायची. पिढ्यान्‌पिढ्या मासळी विकणाऱ्या घरातील बाईने पर्यटकांना वाढण्यासाठी मासळी विकत घ्यावी, यात तिची काही चूक नाही. चूक पत्रकाची आहे. त्याऐवजी ‘कोळी बायकांच्या हातचे जेवण’ असे खरे लिहिले असते तर माझ्या लेखी या जेवणाची किंमत कमी झाली नसती.

खाडीचे म्हणून ताटात जे थोडे आले ते एका वाटीत : चिंबोरीचा रस्सा, आणि तोही मागितल्यावर. ही चिंबोरी कांदळवनात बांधलेल्या पिंजऱ्यांत वाढवलेली होती. राज्य शासनाच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजनेतून खेकडापालन, कालवपालन, शोभिवंत माशांचे संगोपन, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी गावांतील गटांना अनुदान मिळते. झाड राखले तर पोट भरेल, असा त्या योजनेमागचा विचार आहे. रस्सा अप्रतिम होता, नांग्यांमध्ये मांस भरलेले होते, आणि आयोजकांनी जाहिरात करायचीच तर या वाटीची करायला हवी होती. पण ही वाटी दाखवायची, तर ती कोणी पिकवली हेही सांगावे लागते.

सहलीच्या शेवटी मी आयोजकांना सरळ विचारले की १,८०० पैकी होडीवाल्याला आणि बचत गटाला किती जातात. ‘आम्ही स्थानिकांना रोजगार देतो’ एवढेच उत्तर मिळाले. काकांना त्या दिवसाचा ठरलेला रोज मिळतो, फेरीत हिस्सा नाही. पर्यटक किती आले यावर त्यांचे उत्पन्न वाढत नाही, आणि मे-जूनमध्ये पक्षी गेल्यावर तेही थांबते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने २०१७ पासून स्वतःच्या होड्यांतून कांदळवन सफर चालवली आहे. तेथे वल्हे मारणारी, माहिती सांगणारी आणि पैसे मोजून घेणारी बाई एकच असते. ठाणे खाडीला तसे करणे अवघड आहे हे मान्य, कारण येथे गर्दी मोठी आणि परवानग्याही जास्त. तरीही ज्यांना खाडीच्या भरती-ओहोटीचे ज्ञान आहे त्यांना मजूर म्हणून ठेवायचे आणि ज्यांच्याकडे संकेतस्थळ आहे त्यांनी मालक व्हायचे, ही विभागणी मला सेवेतील सर्वांत मोठा दोष वाटते. स्वच्छतागृह, बसची आसने, उशिरा आलेली पावती या किरकोळ बाबींवर म्हणूनच लिहीत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांनी डिसेंबर ते मार्च हा काळ निवडावा. एप्रिल-मे मध्ये थवे मोठे असतात, पण ऊन सोसत नाही. टोपी, पाणी आणि स्वतःची दुर्बीण न्यावी, भडक कपडे टाळावेत आणि थव्याच्या अगदी जवळ होडी नेण्याचा आग्रह धरू नये, कारण उडालेला पक्षी त्या ओहोटीपुरते चरणे गमावतो. होडीत जागा मिळाली तर मागे, तांडेलाच्या जवळ बसावे. नोंदणी करताना होडी कोणाची आणि होडीवाल्याला किती पैसे दिले जातात, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर केंद्राकडे किंवा कोळीवाड्यातील होडीवाल्यांकडे थेट चौकशी करावी. पुढील हंगामात मी तसेच करणार आहे, आणि जेवायला मावशींकडेच, फक्त चिंबोरी आदल्या दिवशी सांगून.