बाथरूमच्या सीलिंगमधला लाइट गेलाय, नुसता बल्ब बदलू की अख्खी फिटिंग?

आमच्याकडे दोन बाथरूम, दोन्हीत पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग, आणि दोन्हीकडचे लाइट पंधरा दिवसांच्या अंतराने गेले. बेडरूमच्या बाथरूममध्ये मी फक्त बल्ब बदलला, कॉमनमध्ये सगळं उपसून एलईडी पॅनेल बसवलं, म्हणजे दोन्ही उद्योग करून झालेत.

पहिलं म्हणजे दुकानात जायच्या आधी वर काय बसवलंय ते बघा, कारण कन्सील्ड लाइट म्हटलं की त्यात काहीही असू शकतं. स्पॉटलाइट असेल तर आत छोट्या वाटीसारखा बल्ब आणि त्याला मागे दोन पिना, आता त्या पिना सुईसारख्या बारीक असतील आणि बल्ब सरळ ओढून निघत असेल तर तो १२ व्होल्टचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर वर सीलिंगवर पडलेला असतो. पिना जाड, टोकाला बोंडं असलेल्या आणि बल्ब थोडा फिरवून निघतो, तर तो जीयू १०, थेट २३० व्होल्टवर चालणारा. काही जुन्या फिटिंगमध्ये आपला नेहमीचा पिनवाला बल्बच आडवा बसवलेला असतो, ते सगळ्यात सोपं. आणि चपटं पांढरं पॅनेल असेल तर त्यात बल्ब नसतोच, उगाच काच उचकटत बसू नका, मी बसलो होतो.

नुसता बल्ब बदलायचा फायदा म्हणजे वायरला हातच लावायचा नाही. आमचा जीयू १० होता, ५० वॅटचा हॅलोजन काढून ५ वॅटचा एलईडी लावला, दोनशेच्या आत काम झालं आणि वेळ गेला तो स्टूल शोधण्यात. १२ व्होल्टवाल्यात मात्र एक गोची आहे, जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर हॅलोजनच्या लोडसाठी बनवलेला असतो, त्याला किमान काहीतरी लोड लागतो आणि ५ वॅटचा एलईडी लावला की तो फडफडतो, गुणगुणतो, कधी पेटतच नाही. लोक म्हणतात बल्ब खराब निघाला आणि दुकानदाराशी भांडतात. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर बदलायचा नाहीतर तिथे जीयू १० चा होल्डर टाकून घ्यायचा, पण मग इलेक्ट्रिशियन आलाच, आणि तो आलाच आहे तर फिटिंगच का नको, असं होतं.

अख्खी फिटिंग बदलताना माप सीलिंगमधल्या भोकाचं घ्यायचं, बाहेरून दिसणाऱ्या रिंगचं नाही. मी रिंग मोजून गेलो, घरी येऊन बघतो तर नवीन पॅनेल भोकात जातच नाही, परत दुकानात. भोक मोठं असेल तर मोठं पॅनेल मिळतं, पण लहान असेल तर पीव्हीसी कापावं लागतं आणि ते तडकतं. जुनी फिटिंग काढताना दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग क्लिपांवर लक्ष ठेवा, एक सुटली की दुसरी रप्पकन बोटावर बसते. शिवाय भोकातून दहा वर्षांची धूळ आणि आमच्या बाबतीत एक वाळकी पाल तोंडावर आली, तेव्हा चष्मा घाला.

पॅनेल घेताना माझा एकच हट्ट, ड्रायव्हर वेगळा असलेलंच घ्या, म्हणजे पॅनेलला लागेल तसा करंट देणारी, वायरला लटकणारी ती छोटी पांढरी डबी. पॅनेल बंद पडलं की बऱ्याचदा ती डबीच गेलेली असते, पॅनेल ठणठणीत असतं. जुन्या डबीवर छापलेले मिलिअँपिअर आणि व्होल्ट जुळवून नवी आणली की निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. म्हणून तुमच्याकडे पॅनेलच असेल तर आधी हे करून बघा.

वॅटचं म्हणाल तर आपली बाथरूम असतात पाच बाय सात, सीलिंग डोक्याला लागेल इतकं खाली, तिथे १२ वॅटचं पॅनेल रात्री दोनला उठलं की डोळ्यात घुसतं, ८ वॅट भरपूर होतं. रंग ४००० केल्विनचा, दाढी करताना चेहरा ना पिवळा दिसतो ना निळसर. शॉवरच्या बरोबर वर लाइट असेल तर आयपी ६५ लिहिलेलंच घ्या (आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा), आयपी २० म्हणजे पाण्यापासून शून्य संरक्षण.

आता काळजीचं. एमसीबी पाडला की झालं असं समजू नका, घरात इन्व्हर्टर असेल आणि बाथरूमचा लाइट त्या लाइनवर असेल तर मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आनंदाने सप्लाय चालू करतो. तोही बंद करायचा, मग टेस्टर लावायचा. आणि स्विच बंद करूनही एलईडी रात्री मिणमिणत राहत असेल तर बल्बला दोष देऊ नका, बऱ्याचदा स्विच फेजवर न घालता न्यूट्रलवर घातलेला असतो, ते इलेक्ट्रिशियनकडून सरळ करून घ्या, कारण तसं असेल तर स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो.

मग निवडायचं कसं, तर बल्ब काढून होल्डरकडे टॉर्च मारा. कोरडा, स्वच्छ असेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर बल्ब बदला आणि विषय सोडा. होल्डर काळा पडलाय, पिना हिरव्या झाल्यात, तर नवा बल्बही फार टिकणार नाही, तिथे फिटिंगच बदला. पण त्याआधी भोकातून हात घालून सीलिंगची वरची बाजू चाचपा, अर्थात सप्लाय बंद ठेवून, कारण आपल्याकडे बाथरूमचं फॉल्स सीलिंग मुळात वरच्या फ्लॅटचे पाइप झाकायला केलेलं असतं आणि वरच्यांचं लीकेज गुपचूप त्याच्यावर साचतं. कॉमनमध्ये मी हे बघितलंच नाही, साडेतीनशेचं पॅनेल लावलं आणि दोन महिन्यांत ड्रायव्हर गेला, डबी उघडली तर आत पाणी. वरच्यांना सांगून झालंय, त्यांचा प्लंबर दर रविवारी येणार असतो. तोपर्यंत आरशावर भिंतीला एक साधी ट्यूबलाइट ठोकलीय आणि सीलिंगमधल्या वायरी इलेक्ट्रिशियनकडून सुट्या करून टेप मारून घेतल्यात.