जुन्या पेपरांची पेड साइट आणि कार्लाइलचा 1912 चा सीझन: 5 पैकी 2 स्टार

जुने अमेरिकन पेपर स्कॅन करून दाखवणाऱ्या बऱ्याच साइट्स आहेत, त्यातल्या एका पैसेवाल्या साइटबद्दल लिहितेय, नाव मुद्दाम देत नाहीये. मला एकच गोष्ट हवी होती, पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या (इंडियन म्हणजे इथे अमेरिकेतले मूळ रहिवासी, त्यांच्या मुलांची ही बोर्डिंग शाळा) फुटबॉल टीमचा 1912 चा अख्खा सीझन, मॅच बाय मॅच, त्या त्या वेळच्या पेपरांत. फुटबॉल म्हणजे अमेरिकन हं, तो हेल्मेटवाला, आणि तेव्हा तर हेल्मेटची सक्तीही नव्हती. याच टीममधला जिम थॉर्प ऑलिम्पिकमुळे सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच वर्षी जुलैत स्टॉकहोमला पेंटाथलॉन आणि डेकाथलॉन दोन्हीत गोल्ड, पण तिथून परत येऊन लगेच या पठ्ठ्याने कॅप्टन म्हणून कॉलेज टीम्सना जे धुतलंय त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी चांगलं सांगते. तारीख आणि गाव टाकलं की पान पटकन उघडतं, झूम भारी आहे, कोपऱ्यातला बारीक स्कोअरबॉक्सही नीट वाचता येतो. सप्टेंबरात ऑलब्राइटला 50-7, मग व्हिलानोव्हाला 65-0, सिराक्यूजला 33-0 असा धडाका चाललाय आणि मधेच वॉशिंग्टन अँड जेफरसनशी 0-0! अशा टीमचा भोपळा बघून मी तारीख परत चेक केली. त्याच वर्षी नियमही बदललेले, टचडाउनला (बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार जाणं) 5 ऐवजी 6 पॉइंट, दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार चान्स, आणि फॉरवर्ड पासवरची, म्हणजे बॉल हाताने पुढे फेकण्यावरची, 20 यार्डांची मर्यादा गेली. कोच पॉप वॉर्नर आधीपासूनच डोकेबाज, त्याच्या हातात हे आयतंच आलं.

पण खरा माल म्हणजे 9 नोव्हेंबरची वेस्ट पॉइंटची, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीतली मॅच. एका बाजूला अमेरिकन आर्मीचे कॅडेट्स आणि समोर ज्यांच्या लोकांशी हीच आर्मी वीस-बावीस वर्षांपूर्वीपर्यंत लढत होती ती पोरं, म्हणजे वातावरण काय असेल विचार करा. पहिला टचडाउन आर्मीचा, मग कार्लाइलने सुरुवात केली ती 27-6 वरच थांबली. वॉर्नरने डबल विंग नावाची नवी रचना इथे काढली, कार्लाइलच्या आर्कासाने तीन टचडाउन केले, थॉर्पचा एक लांबलचक रन पेनल्टीमुळे बाद झाला तरी बचाव सगळा त्याच्याच मागे धावत होता. आर्मीचा कॅप्टन डेव्होर मारामारी केल्याबद्दल बाहेर. आणि आर्मीच्या टीममध्ये कोण, तर आयझेनहॉवर, पुढे प्रेसिडेंट झाले तेच. पुढच्याच शनिवारी मात्र फिलाडेल्फियात पेनने (पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटी) कार्लाइलला 34-26 ने हरवलं. आख्ख्या सीझनमधली एकच हार, तीही आर्मीला लोळवून आल्यावर, याला काय म्हणायचं. शेवटी थँक्सगिव्हिंगला ब्राउनवर 32-0. एकूण 12 जिंकल्या, 1 हरली, 1 बरोबरीत, 504 पॉइंट केले.

आता तक्रारी. सर्च म्हणजे डोक्याला शॉट आहे. मशीनने अक्षरं वाचलेली असल्यामुळे थॉर्पचं कधी थॉर्न होतं कधी भलतंच, आणि 'इंडियन्स' टाकलं तर क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमपासून मुंबई-कलकत्त्याच्या बातम्यांपर्यंत काहीही येतं. शेवटी तारीख लावून पान-पान चाळायचं, मग सर्चचे पैसे कशाला घेता? वरून ट्रायल मुदतीत बंद केलेली असताना कार्डावर महिन्याचा चार्ज पडला, कस्टमर केअरला मेलवर मेल केल्यावर पैसे परत आले, सॉरी वगैरे काही नाही.

आणि मुख्य म्हणजे यातलं बरंचसं फुकट मिळतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर वॉशिंग्टनच्या 'इव्हनिंग स्टार'चे अंक आहेत, जॉर्जटाउनची मॅच (34-20) मी तिथेच वाचली. त्याहून भारी म्हणजे कार्लाइल गावातल्याच डिकिन्सन कॉलेजचं कार्लाइल इंडियन स्कूलचं डिजिटल कलेक्शन, एक पैसा नाही. शाळेच्या छापखान्यात निघणारं 'कार्लाइल ॲरो' आहे, फोटो आहेत, मुलांच्या सरकारी फाइल्स आहेत. बाहेरच्या पेपरांत सगळं 'रेड मेन', युद्ध, टोमॅहॉक (त्यांची कुऱ्हाड) याच भाषेत, चार-पाच रिपोर्ट वाचले की वैताग येतो. इथे फाइल उघडली की मुलगा कुठल्या ट्राइबचा, कधी आला, काय वयाचा होता हे दिसतं. लहान लहान मुलांना घरापासून शेकडो मैल लांब आणून केस कापले, भाषा बंद केली, अशी शाळा होती ती, 1879 ला एका आर्मी ऑफिसरने काढलेली. आणि हीच पोरं शनिवारी मैदानात. टीमच्या गेटमनीचं, म्हणजे तिकिटांच्या पैशांचं, काय होतं यावरून 1914 ला काँग्रेसच्या कमिटीने चौकशी केली, 1918 ला शाळाच बंद झाली. थॉर्पची मेडल्स 1913 मध्येच काढून घेतली, का तर आधी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून. 1982-83 ला मान्यता परत मिळाली पण संयुक्त विजेता म्हणून, एकट्याचं नाव लागायला 2022 उजाडलं.

थॉर्पच्या टचडाउनचा आकडा कुठे 25 आहे तर कुठे 27, पेड साइटवरून हा घोळ सुटेल असं वाटलेलं, नाही सुटला, कारण पेपरच एकमेकांशी जुळत नाहीत. तर ज्यांना छोट्या गावांचे पेपरच हवेत त्यांनी एक महिना घ्या, कार्ड सेव्ह करू नका आणि कॅन्सल केल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बाकीच्यांनी डिकिन्सनपासून सुरुवात करा. 2 स्टार, तेही झूमसाठी.