बायोगॅसपासून हायड्रोजन: मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टर घ्यावा की इलेक्ट्रोलायझर?

साखर कारखान्यात स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) किंवा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांपासून बायोगॅस मिळत असेल आणि त्यातून हायड्रोजन काढायचा विचार असेल, तर पहिली वाट नेहमीच्या स्टीम रिफॉर्मिंगची. मिथेन आणि वाफ 800 ते 900 अंशांवर निकेलच्या कॅटॅलिस्टवरून न्यायची, पुढे कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेतून आणखी हायड्रोजन काढणारा शिफ्ट रिअ‍ॅक्टर, शेवटी पीएसएत (दाब बदलून वायू वेगळे करणाऱ्या टाक्यांत) शुद्धीकरण. तंत्र मुरलेलं आहे, पण एवढा पसारा खत कारखान्याला किंवा रिफायनरीला परवडतो, छोट्या प्लांटला नाही.

मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टर हेच काम एका भांड्यात करतो. सच्छिद्र सिरॅमिकच्या नळीवर पॅलेडियम-चांदीचा काही मायक्रॉनचा थर असतो, तोच मेम्ब्रेन. हायड्रोजनचा रेणू त्यावर फुटतो, अणू धातूतून पलीकडे जातात आणि तिथे पुन्हा जोडी जमवतात. कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, वाफ अलीकडेच अडतात. तयार झालेला हायड्रोजन सतत निघून जात असल्याने अभिक्रिया पुढे सरकत राहते आणि 500 ते 600 अंश पुरतात. टोकियो गॅस कंपनीने असा ताशी 40 घनमीटर क्षमतेचा रिफॉर्मर चालवून दाखवला आहे. उरलेला कार्बन डायऑक्साइडही दाबाखाली आणि बराच घट्ट मिळतो, त्यामुळे तो पकडणं सोपं जातं.

मात्र हा थर फार नाजूक. बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड त्याचा शत्रू, त्यामुळे गंधक आधी जवळजवळ पूर्ण काढावंच लागतं. शिवाय हायड्रोजन आत असताना तापमान 300 अंशांखाली गेलं, तर पॅलेडियम ठिसूळ होऊन तडकतं. प्लांट बंद करताना आधी नायट्रोजनने हायड्रोजन हुसकायचा, मगच थंड करायचं. अवेळी वीज गेली तरी हे आपोआप झालंच पाहिजे. फ्युएल सेलला (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राला) कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत 0.2 भागापेक्षा जास्त चालत नाही. एक बारीक भोक पडलं तरी ती शुद्धता गेली.

इलेक्ट्रोलायझर विजेने पाण्यातून हायड्रोजन काढतो. त्याला हा त्रास नाही, पण एका किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. ती वापरली तर किलोमागे 35 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. नैसर्गिक वायूच्या साध्या रिफॉर्मिंगचा आकडा 9-10 आहे. केंद्राने 2023 मध्ये ‘हरित’ हायड्रोजनसाठी 2 किलोची मर्यादा घातली, तिच्या जवळपासही हे जात नाही.

म्हणून स्वतःची सौर किंवा पवनवीज असेल, तर बिनधास्त इलेक्ट्रोलायझर घ्या. बायोगॅस वर्षभर एकसारखा येत असेल आणि गंधक काढायची व्यवस्था चोख असेल, तर मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टरचं कोटेशन जरूर मागवा. मेम्ब्रेनचं आयुष्य आणि शुद्धता तुमच्याच गॅसवर चाचणी घेऊन पुरवठादाराकडून लेखी घ्या. फक्त पाइपचा नैसर्गिक वायू असेल आणि पकडलेला कार्बन डायऑक्साइड कायमचा साठवायला जागा नसेल, तर मात्र मेम्ब्रेन लावूनही तो हायड्रोजन स्वच्छ ठरत नाही.