रिंग की एबीसी? एका मोसमाच्या वापरानंतर

दिवाळीनंतर मैदान वाळल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत एकाच हाय-विंग ट्रेनरवर (पंख वरच्या बाजूला असलेलं, शिकाऊंसाठीचं मॉडेल विमान) दोन इंजिनं आलटून पालटून उडवली. दोन्ही ४६ साइझची (०.४६ घन इंच, म्हणजे साधारण साडेसात सीसी) ग्लो, म्हणजे तापत्या तारेच्या प्लगवर आणि मिथेनॉलवर चालणारी. एक एबीसी: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर आणि लायनरला आतून क्रोम. दुसरं रिंगवालं: पिस्टन ॲल्युमिनियमचाच, पण त्यावर बिडाची रिंग आणि लायनर पोलादी. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, प्रश्न पिस्टनचा आहे.

नवीन एबीसी हातात आलं की आधी वाटतं, माल खराब आला. प्रॉप (पुढचा पंखा) फिरवला की पिस्टन वरच्या टोकाला अडतो आणि 'चूं' करून सुटतो. ते तसंच हवं. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता केलेला असतो. इंजिन चालू असताना वरचा भाग जास्त तापतो, त्यामुळे जास्त फुलतो. शिवाय पितळ हे पिस्टनच्या सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियमपेक्षा थोडं जास्तच फुलतं. तापल्यावर भोक सरळ होतं आणि पिस्टन त्यात नेमका बसतो.

म्हणूनच मैदानावर सरसकट मिळणारा सल्ला, 'नवीन आहे ना, भरपूर रिच (इंधन जास्त, हवा कमी) चालव', एबीसीला मारक आहे. थंड आणि फोर-स्ट्रोकिंग (इतकं रिच की एक फेरा सोडून एक पेटतो) चालवलं तर तो घट्ट भाग झिजतो आणि एकदा गेलेला पिंच, म्हणजे वरच्या टोकाची ती पकड, परत येत नाही. मी १०×६ प्रॉप (१० इंच व्यास, ६ इंच पिच) लावून इंजिन सुरू होताच नीडल (इंधनाचा स्क्रू) टू-स्ट्रोकपर्यंत, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पेटेपर्यंत, आवळायचो, थोडा वेळ चालवायचो आणि मग पूर्ण थंड होऊ द्यायचो. थंडीच्या दिवसांत सकाळी हेड गरम केल्याशिवाय स्टार्टर लावू नका. नाहीतर पिंचचा सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो.

रिंगवाल्याचं सगळं उलटं. त्याला तो रिच, ओला ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवणं) हवाच, आणि तोही धीराने. सुरुवातीला कॉम्प्रेशन इतकं ढिलं की शंका यावी. रिंग बसली की मात्र प्रॉपला काठीने मारलेल्या एक-दोन टिचक्यांत सुरू, स्टार्टर गाडीतच राहतो. आयडलही (मंद चाल) मला याचंच जास्त आवडलं.

ताकदीवरून जो वाद चालतो तो मला पटत नाही. ११×६ प्रॉपवर टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) एबीसीच्या बाजूने झुकतो, ट्रेनरला हवेत त्याचा पत्ता लागत नाही.

खरा फरक उन्हाळ्यात कळला. टाकीतल्या नळीला चीर गेली आणि रिंगवालं इंजिन हवेत लीन झालं (इंधन कमी, हवा जास्त). विमान सुखरूप उतरलं, पण नंतर कॉम्प्रेशन गेलेलं. उघडलं तर रिंगचा ताण मेलेला, खाचेत इंधनातल्या एरंडेलाचा तपकिरी थर. खाच साफ केली, नवी रिंग घातली, लायनर बसवताना रिंगची टोकं एक्झॉस्ट पोर्टसमोर येणार नाहीत एवढं पाहिलं, झालं. एबीसी अशी लीन धाव बहुधा पचवून जातं, कारण लायनर पिस्टनपासून लांबच फुलतो. पण आमच्या मैदानावरची धूळ आत जाऊन पिस्टनवर उभे ओरखडे पडले, तर पिस्टन आणि लायनर जोडीनेच बदलावे लागतात. त्या जोडीची किंमत ऐकली की तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

इंधनाबाबत थोडक्यात: रिंगवाल्याला ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल हे जुनं एफएआय (जागतिक हवाई क्रीडा संघटना) मिश्रण छान चालतं, नायट्रो (ताकद वाढवणारं नायट्रोमिथेन) नसला तरी अडत नाही. एबीसीला मी सिंथेटिक तेलात थोडं एरंडेल घालतो. पावसाळ्याआधी दोन्हींतलं इंधन पूर्ण जाळून आफ्टर-रन (गंज रोखणारं) तेल घाला. मिथेनॉल पाणी ओढतं; पितळी लायनर वाचला तरी बेअरिंग वाचत नाहीत, आणि पोलादी लायनरला तर गंज हमखास.

क्रोमऐवजी निकेल असलेलं इंजिन घेणार असाल तर ब्रेक-इनमध्ये दुप्पट काळजी घ्या, निकेलची साल निघू शकते.

दर रविवारी उडवायचं आणि इंजिन उघडायचा कंटाळा असेल, तर एबीसी घ्या. स्पॅनर हातात धरायला आवडत असेल, तर रिंग. सेकंडहँड घेताना दोघांची परीक्षा वेगळी. थंड एबीसी वरच्या टोकाला अजिबात अडत नसेल तर ते परत ठेवा. रिंगवालं ढिलं लागलं तर लगेच नाही म्हणू नका. आधी त्या मॉडेलची रिंग मिळते का ते विचारा, आणि मिळत असेल तर भाव पाडा.