टेलेक्स रिलीज दिला आणि १०,७१,१४४ रुपये दुबईत गेले

लिहायला लाज वाटते. पण गप्प बसलो तर मला फसवणारा दुबईचा कांदा खरेदीदार उद्या निफाड-पिंपळगावातल्या दुसऱ्या कुणा निर्यातदाराला फोन करेल.

१ एप्रिल २०२५ ला कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क उठलं आणि आठवड्यात दुबईहून चौकशी आली. पहिला कंटेनर २९ टन, २७० डॉलर टनाने ७,८३० डॉलर. पैसे वेळेत आले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. लगेच दोन कंटेनरची ऑर्डर, १५,६६० डॉलरची. ॲडव्हान्स २० टक्के, ३,१३२ डॉलर. बाकी रक्कम त्याने बँकेतून मालाचे कागद सोडवताना.

पहिल्या पेमेंटच्या वेळीच बँकेतली मुलगी म्हणाली होती, "सर, ऑर्डर एका कंपनीची आहे आणि पैसे दुसऱ्याच कंपनीने पाठवलेत. तसं लेटर द्या." मी काउंटरवर उभ्या उभ्या सही केली. तिथेच थांबायला हवं होतं! ऑर्डर देणारी कंपनी म्हणजे फ्री झोनमधलं, परदेशी कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या वसाहतीतलं, एक टेबल होतं, तिच्या नावावर काहीच नव्हतं. परक्या खात्यातून पैसे आले की आधी विचारा, दावा लावायचा कुणावर?

न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात माल पाच-सहा दिवसांत पोचतो, कागद मागे राहतात. खरेदीदाराचा फोन आला, "भाऊ, माल सडेल, टेलेक्स रिलीज द्या, संध्याकाळी स्विफ्ट पाठवतो." स्विफ्टची, म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्याच्या संदेशाची, कॉपी आलीसुद्धा. बँकेत द्यायचे तिन्ही ओरिजिनल बीएल, म्हणजे ज्यावर माल ताब्यात मिळतो ते जहाजाचे कागद, मी जहाज कंपनीकडे सरेंडर केले. हाच टेलेक्स रिलीज, मग तिकडे कागदाशिवाय माल सुटतो. नाशवंत मालात सगळेच देतात, आणि माझ्या मागे शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे होते. कॉपी खोटी निघाली. स्विफ्टचा कागद म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात जमा दिसल्याशिवाय बीएल हातातून सोडू नका. मग "४० टक्के माल खराब" असा मेसेज आणि फोन बंद. १२,५२८ डॉलर, म्हणजे वरचे १०,७१,१४४ रुपये, बुडाले.

पोलिसांनी अर्ज तीन वेळा परत केला. "व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा." खोटी स्विफ्ट हा व्यवहार कसा, ते कुणी सांगेना. तिकडच्या आपल्या वकिलातीने दुबईतल्या वकिलांकडे बोट दाखवलं. तिथला वकील १५,००० दिरहॅम आधी मागतो, शिवाय मुखत्यारपत्र नोटरी करून, आपल्या परराष्ट्र खात्याचा आणि मग यूएईच्या दूतावासाचा शिक्का घेऊन, अरबी भाषांतरासह. इथे जिंकलो तरी हुकूम तिकडे बजावायला तिकडच्याच कोर्टात जायचं. एकमेकांच्या कोर्टाचे हुकूम मानायचा १९९९ चा भारत-यूएई करार कागदावर आहे म्हणे. १७ जानेवारी २०२० ची भारत सरकारची अधिसूचना तर त्यांचे हुकूम इथे बजावण्यासाठी आहे, आम्हाला तिचा काय उपयोग? आणि माझ्या ऑर्डरवर बारीक अक्षरात "वाद दुबई कोर्टात" एवढंच होतं. लवादाचं कलम घालून घ्या. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत, लवादाचा निवाडा तिकडे चालतो. ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीची) पॉलिसी मी चार पैसे वाचवायला टाळली, तुम्ही टाळू नका.

सगळ्यात संताप कशाचा? फसवणारा मोकळा आणि फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, विचारणा मला! शिपिंग बिल (कस्टमकडची निर्यातीची नोंद) उघडं, म्हणजे पैसे न आलेलं, दिसतंय, पैसे का आणले नाहीत, याचा खुलासा बँक दर महिन्याला माझ्याकडे मागते. परवा पुन्हा पत्र आलं. त्यावर रक्कम तीच आहे, १२,५२८ डॉलर.